सूर्यास्तापूर्वीचा समुद्र



सावेडीतील घराघरांत हल्ली सहलीचा विषय निघाला की काश्मीर, केरळ, दुबई ही नावे मागे पडतात आणि मुले मोबाईलवर एक चित्र पुढे करतात. निळ्याशार पाण्यात सरळ उतरणारा कडा, त्या कड्याला बिलगून उभी असलेली पिवळी, गुलाबी, केशरी घरे आणि खाली इवल्याशा धक्क्यावर बांधून ठेवलेल्या होड्या. गाव इटलीतले असते. कधी ते चिंक्वे तेर्रे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच गावांपैकी एखादे असते, तर कधी दक्षिणेकडे अमाल्फीच्या किनाऱ्यावरचे पोझितानो. मुलांचे चुकत नाही. चित्र पाहून कोणाचेही मन जाईल. लग्नसराई आटोपून कापड बाजारातील गर्दी ओसरली की जूनमध्ये दहा-बारा दिवस दुकान भावाच्या हवाली करता येते. खर्चाचा अंदाज निघतो, पासपोर्टच्या मुदती तपासल्या जातात. मग कोणीतरी हळूच विचारते, ‘दादीजींचे काय?’

बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर दादीजीच देऊन टाकतात. ‘तुम्ही सगळे जाऊन या. घर मी बघते.’ हे वाक्य मी इतक्या घरांतून आणि इतक्या सारख्या शब्दांत ऐकले आहे, की त्यात त्याग किती आणि सवय किती, हे आता त्यांनाही सांगता यायचे नाही. रात्रीभोजनत्याग, कंदमूळत्याग, उकाळलेले पाणी आणि त्यात गुडघ्यांचे दुखणे. आपल्यामुळे पोरांची अडचण नको, एवढा सरळ हिशोब त्या करतात. या महिन्याच्या सदरात समुद्रकाठच्या सहलीविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा हा हिशोब एकदा पुन्हा मांडून पाहावा असे वाटले.

प्रथम इटलीविषयी, आणि तेही मोकळ्या मनाने. तो किनारा खरोखर सुंदर आहे. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावे. डोंगर असा उभा, की शेतीला सपाट जागाच नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके चुना-मातीचा आधार न घेता दगडावर दगड रचून बांध घातले आणि त्या अरुंद टप्प्यांवर द्राक्षे, ऑलिव्ह आणि लिंबे पिकवली. चित्रात आपल्याला रंगीत घरे दिसतात. पण त्या घरांच्या मागे जो हिरवा जिना डोंगरावर चढत जातो, तो माणसांच्या पाठीवरून वाहून नेलेल्या दगडांचा आहे. १९९७ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. अमाल्फीच्या किनाऱ्यालाही तो त्याच वर्षी मिळाला. पाचही गावे आगगाडीने जोडलेली आहेत. ला स्पेत्सिया येथे मुक्काम करून स्थानिक गाडीने एकेका गावात उतरायचे, हा तिथला रिवाज.

व्यापारी घरातील माणसाला त्या किनाऱ्यावर आणखी एक ओळखीची खूण भेटते. थोडे वायव्येला जेनोवा हे जुने बंदर आहे. तेथील नगरसत्तेच्या १३४० सालच्या हिशोबाच्या वह्या आजही जपलेल्या आहेत. त्यांत प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहिलेला आहे. दुहेरी नोंदपद्धतीने लिहिलेल्या, जगातील सर्वांत जुन्या ज्ञात वह्यांत त्यांची गणना होते. लुका पाचोली या साधूने या पद्धतीचे विवेचन करणारा ग्रंथ व्हेनिसमध्ये छापला, तो त्यानंतर दीडशे वर्षांनी, १४९४ मध्ये. म्हणजे आपले नगर शहर वसत होते त्याच दशकात. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या कुटुंबाने जेनोवाला एक दिवस द्यायला हरकत नाही. सहल कंपन्या तो बहुधा देत नाहीत, कारण वह्यांसमोर उभे राहून छायाचित्र चांगले येत नाही.

जेवणाचे पाहू. त्या किनाऱ्यावर ‘फारिनाता’ नावाचा एक पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढेच साहित्य. मोठ्या गोल परातीत ते पातळ पीठ ओतून भट्टीत भाजतात आणि तुकडे करून देतात. आपले बेसनाचे धिरडे जाडसर करून भट्टीत लावावे, तसे ते लागते. वर कांदा न घातलेला साधा फारिनाता मागावा. ‘फोकाच्चा’ ही तेल-मिठाची जाड रोटीही साधी मिळते. याउलट ज्या हिरव्या तुळशीच्या चटणीसाठी, म्हणजे ‘पेस्तो’साठी, हा प्रांत प्रसिद्ध आहे, तिच्यात लसूण तर असतोच, शिवाय चीजही असते. पार्मेझान चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध फाडून बनवतात. इटलीतील कोणताही वाढपी तुम्हाला हा पदार्थ शाकाहारी म्हणून हसतमुखाने देईल, आणि त्याच्या दृष्टीने तो खोटे बोलत नसतो. म्हणून ‘व्हेज आहे का’ असे विचारून भागत नाही. आत काय काय आहे, हे एकेक विचारावे लागते.

पदार्थांपेक्षा घड्याळ अधिक अडवते. तिथली जेवणघरे दुपारी अडीच-तीनला चूल बंद करतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला पुन्हा पेटवतात. जूनच्या अखेरीस त्या भागात सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्यामुळे साडेसातला जेवायला बसलेल्या माणसाचा चौविहार अगदी आरामात होतो. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल, पण उन्हाळ्यातील युरोप आपल्या नियमाला नगरपेक्षाही अधिक सवलत देतो. मात्र हीच सहल दिवाळीनंतर काढली तर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तेव्हा सारी जेवणघरे बंद असतात. मग खोलीत बसून खाखरे आणि सुकी भाजी. जाहिरातीत ‘जैन भोजन उपलब्ध’ असे लिहिलेले असते. किती वाजता उपलब्ध, हे लिहिलेले नसते. पैसे भरण्यापूर्वी ते विचारून घ्यावे.

आणि पायऱ्या. कोर्निल्या हे गाव स्थानकापासून उंच कड्यावर आहे आणि वर जाण्यासाठी पावणेचारशेहून अधिक पायऱ्यांचा जिना आहे. छोटी बस असते, पण हंगामात तिच्यासाठी रांग असते. उरलेल्या गावांतही चढउतार चुकत नाही. पोझितानोत तर घर ते समुद्र हा सगळा रस्ताच पायऱ्यांचा आहे. तीस वर्षांच्या माणसाला ती मौज वाटते. पंचाहत्तरीच्या बाईला तो किनारा खालच्या बाकावरून पाहावा लागतो, आणि बाकीची मंडळी वर असेपर्यंत पर्सवर लक्ष ठेवावे लागते. घर सांभाळायचे काम सुटले, पर्स सांभाळायचे आले.

माझे मत असे आहे, की सहलीचे ठिकाण घरातील सर्वांत कडक नियमाच्या आणि सर्वांत अधू गुडघ्याच्या माणसाकडे पाहून ठरवावे. बाकीच्यांची सोय त्यात आपोआप होते. तरुण जोडप्याने जूनमध्ये इटलीला अवश्य जावे, त्यात कमीपणा काही नाही. पण सारे घर एकत्र निघणार असेल, तर असाच डोंगर आणि समुद्र यांच्यामधून जाणारा एक किनारा आपल्यापासून दिवसभराच्या प्रवासावर आहे, आणि तिथे दादीजींना बाकावर बसवून ठेवावे लागत नाही.

नगर म्हणजे कोरडा मुलूख, समुद्राशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जुना आहे. निझामशाहीची राजधानी नगर होती, तेव्हा तिचे समुद्राकडील दार चौल हे होते. अरबस्तानातील घोडे त्या बंदरात उतरत, कापड तिथून बाहेर जाई. पोर्तुगीजांनी चौलजवळ आपले ठाणे केले. ते उठवण्यासाठी मुर्तझा निझामशहाने १५७०-७१ मध्ये वेढा घातला. तो यशस्वी झाला नाही. जंजिऱ्याचे सिद्दीही मुळात निझामशाहीच्याच चाकरीतले. गंमत अशी, की इटलीचा माणूस आपल्या किनाऱ्यावर आपण त्याच्या किनाऱ्यावर जाण्याच्या पाचशे वर्षे आधी येऊन गेला. बोलोन्याचा लुदोविको दी वार्थेमा सोळाव्या शतकाच्या आरंभी चौल आणि दाभोळ या बंदरांतून गेला आणि १५१० मध्ये रोमला छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने दोन्हींची नोंद केली. आपल्या समाजालाही समुद्र नवखा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईचे मोतीशाह शेठ स्वतःच्या जहाजांतून चीनशी व्यापार करीत.

सावेडीहून पहाटे निघून पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा या मार्गाने दिवेआगरला दिवसा उजेडी पोहोचता येते. अंतर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. पण घाटाची वळणे लक्षात घेऊन, मोठी माणसे बरोबर असतील तर पुण्यात थोडे थांबूनच पुढे जावे. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या बाजूला बसवावे. दिवेआगरची पुळण लांब आणि सपाट आहे. एकही पायरी न चढता माणूस नारळी-सुपारीच्या बागेतून थेट वाळूवर येतो. ओहोटीच्या वेळी ओली वाळू इतकी घट्ट असते, की काठी टेकत चालणाऱ्या माणसालाही तिच्यावर विश्वास वाटतो.

इटलीच्या चित्रातील कड्यावरचा रस्ता ज्यांना हवा आहे, त्यांनी दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीच्या मार्गाने जावे. वीसएक किलोमीटरचा हा रस्ता बराचसा समुद्राला धरून जातो. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला खडकांवर फुटणारे पाणी, आणि मध्ये एखादी निर्जन पुळण. रस्ता अरुंद आहे, समोरून एस.टी. आली की एकाला मागे सरावे लागते. अमाल्फीच्या रस्त्यावरही हेच घडते. तिथे तर उन्हाळ्याच्या गर्दीत गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहून सम-विषम दिवसांचे नियम लावावे लागले आहेत. शेखाडीच्या रस्त्यावर अजून तशी वेळ आलेली नाही. पेशव्यांच्या भट घराण्याचे श्रीवर्धन ओलांडले की हरिहरेश्वर, आणि पुढे बागमांडला. इथे जमीन संपते आणि सावित्रीची खाडी आडवी येते.

आणि इथेच या किनाऱ्याची सर्वांत मोठी मौज आहे. गाडीतून न उतरता, गाडीसकट बोटीवर चढायचे आणि पलीकडे वेसवीला उतरायचे. जुन्या काळी पलीकडचे गाव डोळ्यांना दिसत असूनही रस्त्याने खाडीला मोठा वळसा घालावा लागे. २००३ साली दाभोळ ते धोपावे या मार्गावर वाशिष्ठीच्या खाडीत अशी गाड्या नेणारी बोट सुरू झाली, आणि मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, तवसाळ-जयगड या खाड्यांवरही ती आली. आता चार बोटींतून हा सगळा किनारा दक्षिणेकडे उतरत जाता येते. बोटीवर गाडी उभी केली की खिडकीची काच खाली करून बसावे. गुडघ्यांना काही तोशीस नाही आणि समुद्र मात्र चारी बाजूंनी. ज्यांनी जन्मात पाण्यावर पाऊल ठेवलेले नाही अशा वृद्ध बायका पहिली दोन मिनिटे नवकार पुटपुटतात आणि नंतर खिडकीतून बाहेर हात काढतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

भरती-ओहोटीचे गणित मात्र निघण्यापूर्वी करून ठेवावे. कोकणातील जुनी माणसे ते पंचांगावरून करतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणायचे. जो आकडा येईल त्या वेळेच्या आसपास भरती पूर्ण होते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या. सकाळी एकदा आणि रात्री पुन्हा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. बारा तास पंधरा तिथींत सारखे वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला ४८ मिनिटे येतात. म्हणजे भरती प्रत्येक तिथीला साधारण एका सामायिकाने पुढे सरकते! हिशोब ढोबळ आहे, पण उपयोगाचा आहे. संध्याकाळी वाळूवर मोकळे फिरायचे असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या जवळपासचे दिवस निवडावेत. तेव्हा सूर्यास्ताच्या सुमारास पाणी दूर गेलेले असते. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी पाणी किनाऱ्याला भिडलेले असते. हरिहरेश्वरच्या खडकांवरील प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या वेळी कोणीही पाऊल टाकू नये. तिथे लाटेने माणसे ओढून नेली आहेत. स्थानिक माणूस ‘आता नको’ म्हणाला की वाद न घालता मागे फिरावे.

आता ताटाकडे वळतो. आपल्या घरांतील सहलींचे एक दृश्य मला कधीच आवडलेले नाही. हॉटेलच्या खोलीत स्नानगृहाच्या दाराशी विजेची शेगडी, तिच्यावर पातेले, आणि सारी मंडळी समुद्रावर गेलेली असताना सून एकटी खिचडीकडे पाहत बसलेली. तिची सहल एवढीच झाली, की गॅसच्या ओट्याऐवजी जमिनीवर बसून स्वयंपाक केला. घरात मोठ्यांचे नियम पाळले जावेत हे योग्यच. पण त्यांचे सारे ओझे एकाच व्यक्तीच्या सुटीवर पडू नये. दादीजी घरी राहतात त्यामागे पुष्कळदा हेही कारण असते. सुनेला त्रास नको, असे त्या मनात म्हणतात आणि तोंडाने गुडघ्यांचे नाव घेतात.

दिवेआगर, श्रीवर्धन, केळशी, आंजर्ले, गुहागर या गावांत पुष्कळ घरांतून पाहुण्यांना राहण्याची सोय आहे आणि त्यांतील अनेक घरे मुळात शाकाहारी आहेत. घरच्या काकूंना आदल्या दिवशी फोनवर नीट सांगितले तर आपल्या नियमाचे जेवण त्या आनंदाने करतात. त्यांच्या सणावारांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतोच. नीट सांगायचे म्हणजे काय, तेही लिहून ठेवतो. बटाटा, सुरण, रताळे, अळकुडी नको हे त्यांना लगेच कळते. वालाचे बिरडे ही तिथली आवडती भाजी, पण ती मोड आणून करतात. ज्या घरांत मोड आलेले कडधान्य चालत नाही त्यांनी ते वेगळे सांगावे, कारण हा नियम त्यांना ठाऊक नसतो. न्याहारीला आंबोळी असेल तर तिचे पीठ रात्रभर आंबवलेले असते. त्याऐवजी घावने मागावेत. ते तांदळाच्या पिठात पाणी कालवून तत्काळ घालतात, आणि ओल्या नारळाच्या रसात बुडवून खाल्ले की शिळ्या-ताज्याचा प्रश्नच उरत नाही. सोलकढीत काही जण लसूण ठेचून घालतात, ते विचारावे. कच्च्या फणसाची भाजी, कच्च्या केळ्याचे काप, कोकमाचे सार, उकडीचे मोदक यांना काही अडचण नाही. पाणी उकाळून द्या म्हटले की सकाळी पितळी पातेलेभर उकाळून ठेवतात.

आणि वेळ. डिसेंबरअखेर त्या किनाऱ्यावर सूर्य सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी मावळतो, मे महिन्यात सातनंतर. पश्चिमेच्या समुद्रावर सूर्यास्त हाच दिवसाचा मुख्य सोहळा. सारे प्रवासी त्याच वेळी वाळूवर जमतात. चौविहार करणाऱ्याला तीच वेळ ताट संपवण्याची. त्यामुळे आपल्यातील पुष्कळांनी समुद्राचा सूर्यास्त एका हातात डबा धरून, घाईत, घड्याळाकडे पाहत पाहिलेला आहे. घरगुती निवासात हा पेच सहज सुटतो. सव्वापाचला ताट वाढायला सांगावे, पावणेसहाला पाणी पिऊन मोकळे व्हावे आणि मग वाळूवर जावे. भोवती भेळ आणि भजीच्या गाड्यांपाशी झुंबड असते. आपली मंडळी मात्र काही खायचे-प्यायचे बाकी नाही अशा स्वस्थतेने बसलेली असतात. सूर्य बुडाल्यावरही उठण्याची घाई नसते. प्रतिक्रमण करणारे तिथेच, वाऱ्याच्या आडोशाला आसन टाकतात.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. किनारा म्हटला की मासेमारी आली. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा मोठा लिलाव भरतो. आडतीतल्या माणसाला लिलावाचे कुतूहल असते, पण ते दृश्य आणि तो वास ज्यांना सोसवत नाही त्यांनी तो रस्ता दुपारी ओलांडावा. सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनही दिसतो. दुसरे म्हणजे पावसाळ्यात हा बेत करू नये. समुद्र खवळलेला असतो आणि घाटात दरडी येतात. म्हणून जून इटलीला आणि दिवाळीनंतरचे चार महिने कोकणाला, अशी वाटणी आपल्या धंद्याच्या वर्षालाही सोयीची पडते.

पैशाविषयी व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर आणखी काही दिसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळले. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपल्या बाजारात नावाजलेली. तिच्या बागाच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीचे नवे रोप हाताशी यायला सहा-सात वर्षे लागतात. नारळाचेही तसेच. मधल्या काळात त्या घरांना टाळेबंदी उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यांनीच हात दिला. चिंक्वे तेर्रेवरही असा दिवस आला होता. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टीने डोंगरावरची माती आणि दगड खाली आले आणि वेर्नात्सा व मोंतेरोस्सो या गावांचे रस्ते गाळात बुडाले. ज्या बांधांकडे कोणी लक्ष देईनासे झाले होते, ते ढासळले की काय होते हे तेव्हा दिसले. तरुण पिढी शेती सोडून गेल्याने दगड पुन्हा रचायला माणसे उरली नव्हती. गाव पाहुण्यांच्या पैशावर पुन्हा उभे राहिले, पण बांध पाहुणे रचत नाहीत. कोकणातील बागाईतदाराचा मुलगा मुंबईला गेला की त्याच्याही बागेत हेच होते. आपण ज्या घरी उतरतो त्या घराची बाग अजून कोण शिंपतो, हे विचारून पाहावे. सुपारी, आमसूल, फणसपोळी त्यांच्याकडूनच घ्यावी. भावाची घासाघीस कमी करावी. आपल्याला ते जड जाते, मला ठाऊक आहे.

वेसवीला उतरल्यावर समुद्राकडे वळले की वेळास लागते. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. इथल्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री येऊन खड्डा करतात, शंभरएक अंडी घालतात आणि पुन्हा समुद्रात निघून जातात. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हे-कुत्री उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंड्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. जाळीचे कुंपण घालून घरटी त्यात हलवली. जे अंडी उकरून नेत असत त्या गावाने राखण सुरू केली. २००६ पासून पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले आणि गावातील घरांना त्यातून उत्पन्न मिळू लागले. जीवदयेच्या कामाला आपण वर्षानुवर्षे देणग्या देतो. इथे ते काम वाळूवर, डोळ्यांसमोर चाललेले असते. तळहाताहून लहान पिल्लू वाळूवर ठेवतात. ते काही क्षण थबकते आणि मग कोणी दिशा न दाखवता पाण्याकडे चालू लागते. लाट त्याला दोनदा मागे आणते. तिसऱ्यांदा ते दिसेनासे होते. दोरीच्या अलीकडे उभी असलेली मुले तेवढा वेळ मोबाईल विसरतात.

पिल्ले साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत निघतात, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी सोडली जातात. रोज निघतीलच असे नाही. म्हणून दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा. राहण्याची सोय गावातील घरांतच आहे, साधी आहे, आणि शनिवार-रविवार फार आधी भरतात. दुकानाची सुटी ज्या वाराला असेल त्याला जोडून आठवड्याच्या मधले दिवस धरले तर वाळूवर गर्दीही कमी असते. मार्चमध्ये तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि पिल्ले सहाच्या आसपास सोडतात. तेव्हा संध्याकाळचे ताट पाचला हवे. घर ठरवताना एवढे आधी बोलून घ्यावे: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, वाळूपर्यंत किती चालावे लागते, आणि पाचला जेवण मिळेल का. फोन दादीजींनाच करू द्यावा. जेवणाचे त्यांच्याइतके बारकाईने कोणी विचारणार नाही.